ॲम्प्लिफायर आणायला ग्वाल्हेरला

ग्वाल्हेरला लोक किल्ला बघायला जातात, नाहीतर गाणं शिकायला. मी गेलो तो हेवी मेटल वाजवायला लागणारा ॲम्प्लिफायर निवडायला. इचलकरंजीतल्या आमच्या गल्लीत हे सांगितलं तेव्हा शेजारचे सदाशिवमामा म्हणाले, "कोल्हापुरात भोंगे मिळत न्हाईत व्हय रं? एवढ्या लांब जाऊन आणणार काय, तर आवाज."

मामांना मी समजावत बसलो नाही. ज्यांनी हे संगीत ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी इथे थोडं सांगतो. हेवी मेटलमध्ये गिटारचा आवाज मुद्दाम फाडलेला असतो. कापड फाडल्यासारखा नाही, तर गर्दीत एखाद्या माणसाने जिवाच्या आकांताने ओरडावं आणि त्याचा घसा बसावा, तसा. हा फाटका आवाज गिटार काढत नाही, ॲम्प्लिफायर काढतो. गिटार कितीही चांगली असली आणि ॲम्प्लिफायर चुकला, तर सगळं मुसळ केरात.

मी आठवीनंतर शाळा सोडली आणि यंत्रमागावर लागलो. गणपतीत बेंजो पथकात वाजवायचो. त्यातूनच आम्ही तिघे फुटलो आणि गिटार, ढोल, कीबोर्ड असं काहीबाही जमवून बँड काढला. दिवाळीत आमचा बँड आणि कोल्हापूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांचा बँड एक झाला. एक झाल्यावर कळलं की ड्रमवाला पाहिजे तो मिळाला, पण गिटारवाले दोन झालेत. मी आणि अद्वैत. अद्वैत गातो पण आणि वाजवतो पण, इंग्रजी बोलतो, आणि त्याच्या बोलण्यात कुठेच अडखळणं नाही. कुणी तोंडाने म्हणालं नाही, पण दोघांतला एक पुढे पुढे नुसता उभा राहणार हे सगळ्यांना दिसत होतं.

अशात सुमेधने, म्हणजे आमच्या बेस गिटारवाल्याने, बातमी आणली. त्याची आत्या ग्वाल्हेरला दिलेली होती. ती आता नाही, पण तिचा मुलगा रणजित जाधव तिथेच असतो. त्याच्याकडे परदेशी बनावटीचा ॲम्प आहे आणि तो विकायचाय. शिवाय तिथल्या नया बाजारातही एक मोठा ॲम्प दुकानात आलाय. कॉलेजवाल्यांच्या परीक्षा होत्या. ड्रमवाला निखिल मला म्हणाला, "तान्या, तू जा. पण मोठा आण. मैदानात वाजला पाहिजे."

अद्वैत बाजूला उभा होता. "अरे, त्याच्यावर सगळं इंग्रजीत लिहिलेलं असतं," एवढंच तो म्हणाला.

मी गेलो. गाडीत बसलो तेव्हा माझ्या मनात एकच होतं. चांगला आणला तर बँडमध्ये माझा शब्द राहील. चुकीचा आणला तर मला परत बेंजो पथकातच जावं लागेल, आणि तेही मान खाली घालून.

दर्पण कॉलनी

जानेवारीचे दिवस होते. धुक्याने गाडीला एवढा उशीर केला की उतरेपर्यंत पाठीचं लाकूड झालं होतं. आपल्याकडे थंडी म्हणजे सकाळी शेकोटीपुरती. तिथे थंडी दुपारी बाराला पण तुमच्या शेजारी बसलेली असते. मी एक स्वेटर घालून गेलो होतो आणि स्टेशनवरच कळलं की हा स्वेटर इथे बनियनच्या जागी आहे.

रणजितदादा स्कूटर घेऊन आला होता. पस्तिशीचा माणूस, कानाला मफलर, बोलणं मराठीत सुरू आणि हिंदीत संपणारं. "तूच तानाजी ना? गिटार बघूनच ओळखलं. चल, पहिले घरी चल, बाकी सब बाद में."

घर दर्पण कॉलनीत होतं. दोन मजली, खाली मोटारपंपाचा आवाज, वर गच्चीत रजया वाळत घातलेल्या. दारात शुभदावहिनी उभ्या होत्या. त्यांनी मला बघून जे म्हटलं ते मी आजवर विसरलेलो नाही. "या तानाजीराव. आपण आधी चाय घ्या, मग अंघोळ. लाईट गेलेली आहे, पाणी चुलीवर तापवून देते."

मला राव म्हणणारं हे आयुष्यातलं पहिलं माणूस. आणि आपण. आमच्याकडे मालक कामगाराला अरे म्हणतो आणि कामगार मालकाला पाठीमागे त्याहून वाईट म्हणतो. इथे दहा वर्षांच्या मुलालासुद्धा आपण. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझ्या मागे कुणीतरी उभा आहे, त्याच्याशी बोलतायत.

मला कुडकुडताना बघून वहिनींनी दादाचा लोकरीचा कोट आणून खांद्यावर टाकला. "आपण संकोच करून राहिलात," त्या म्हणाल्या. "इथे थंडीत संकोच केला तर माणूस आजारी पडतो."

जेवायला मटण होतं. पोळ्या अशा पातळ की आपल्या दोन भाकऱ्यांच्या जाडीत त्यांच्या सहा बसतील. रस्सा लाल होता, पण तिखट नव्हता. वहिनी काळजीने विचारत होत्या, "दख्खनमध्ये असाच करतात ना? सासूबाईंनी शिकवला होता." दादाचे पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर सातारच्या बाजूने आले. पण दादाचा बाप, आजा कुणीच परत तिकडे राहायला गेलेलं नव्हतं. सुमेधची आत्या, म्हणजे दादाची आई, तिकडची होती, पण तिनेही इथल्या चवीशी जुळवून घेतलं असणार. मी खरं सांगायला हवं होतं की आमच्याकडचा रस्सा खाल्ल्यावर डोळ्यांतून पाणी येतं. मी म्हणालो, "अगदी असाच." हे खोटं बोलल्याचं मला वाईट वाटत नाही. तो रस्सा मी तीन वाट्या प्यायलो.

"सातारा कसा आहे?" दादाने विचारलं. मी दोनदाच गेलेलो, तेही एसटी बदलायला. तरी डोंगर, कंदी पेढे, स्टँड, जे आठवलं ते सांगितलं. दोघं असं ऐकत होते की मी परदेशातून आलोय.

ॲम्पची गोष्ट वहिनींनी काढली. मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं होऊन दोन-अडीच महिने झाले होते. सरकारी नोकरांच्या याद्या लागत होत्या, कोण इकडे राहणार, कोण तिकडे जाणार. सिंचन खात्यातल्या दादाचं नाव तिकडच्या यादीत आलं होतं. "रायपूरला क्वार्टर दोन खोल्यांचं आहे म्हणतात," वहिनी म्हणाल्या. "हे रोज ऑफिसहून येऊन अर्धा तास वाजवतात. तिथे भिंतीला भिंत. कोण ऐकून घेईल?"

"अरे, छोड ना," दादा म्हणाला.

मी म्हणालो, बघू या का ॲम्प? दादाने हात वर केला. "देख भाई, मी तुला एकच सांगतो. उद्या पहिले नया बाजारचा बघ. मग माझा. नाहीतर तू माझ्या घरी जेवलास म्हणून शरमेत माझाच घेशील. मग तिकडे जाऊन मला शिव्या देशील."

त्याने माझ्या मनातलंच बोलून दाखवलं होतं. मी त्या रात्री रजईत, अंगावर त्याचाच कोट, हाच विचार करत पडलो की उद्या त्याला नाही म्हणायची वेळ आली तर कुठल्या तोंडाने म्हणायचं.

किला गेट, मग नया बाजार

सकाळी दादाने ऑफिसला दोन दिवसांची सुट्टी टाकली आणि म्हणाला, "ग्वाल्हेरला येऊन किल्ला नाही बघितला तर आईच्या माहेरचे लोक मला काय म्हणतील." किला गेटच्या तोंडाशी गाडीवर बेडई खाल्ली. बेडई म्हणजे डाळ भरलेली फुगीर पुरी, सोबत बटाट्याची पातळ भाजी, आणि लगेच वर गरम जिलबी. सकाळी सकाळी गोड. आमच्याकडे हे लग्नाशिवाय कुणी करत नाही. मी दोन बेडई खाऊन थांबलो तर गाडीवाला रागावला. "इतने में चढ़ोगे कैसे?"

चढण खरंच अंगावर येणारी आहे. खालची घरं किल्ल्याच्या पायाशी अशी चिकटलीत की कुणाची गच्ची कुठे संपते आणि किल्ल्याचा खडक कुठे सुरू होतो ते कळत नाही. धुकं असल्यामुळे किल्ला अर्धाच दिसत होता. आणि मग एकदम वळणावर तो राजवाड्याचा तट समोर आला. निळ्या फरशा, आणि त्यांवर ओळीने पिवळी बदकं. एवढ्या मोठ्या लढाऊ किल्ल्यावर बदकं. मी रायगड, पन्हाळा बघितलाय. आपले किल्ले काळे, कोरडे, कामापुरते. इथे कुणीतरी राजाने लढाईच्या भिंतीवर बदकं बसवावीत असं सांगितलं असेल आणि कारागिराने ती एवढ्या मायेने बसवली असतील, हे बघून मला काय झालं ते सांगता येणार नाही. मी पाच मिनिटं नुसता बघत उभा राहिलो.

"आपण तर कधी बघतच नाही," दादा म्हणाला. "इथेच राहून." मग थोड्या वेळाने, "रायपूरला काय आहे देखने को, मालूम नाही."

दुपारी टेंपोने लष्कर नावाच्या भागात, नया बाजारात. टेंपोत सहाजणांच्या जागेत दहाजण बसतात आणि तरी अकरावा आला की सगळे सरकून म्हणतात, आइए. दुकान गुप्ताजींचं. हार्मोनियम, ढोलक, तबले, आणि आत भिंतीला टेकून तो.

दोन पेट्या एकावर एक, माझ्या छातीपर्यंत उंच. काळं चकचकीत कापड, कोपऱ्यांना पोलादी टोप्या. शंभर वॅट. गुप्ताजी साठीचे, टोपी घातलेले, स्वतः गिटार वाजवत नव्हते, पण त्यांनी पुढे होऊन आवाज कमीजास्त करायच्या गोट्या फिरवल्या. "मेटल बजाने वाले लड़के यही पसंद करते हैं। बास पूरा, ट्रेबल पूरा, बीच वाला ज़ीरो।"

जाड आवाज आणि बारीक आवाज यांच्या मधल्या त्या गोटीवर इंग्रजीत मिडल लिहिलं होतं. मी अक्षरं लावून वाचलं.

बोटं थंडीने काकडलेली होती. गुप्ताजींनी शेगडी पुढे सरकवली, हात शेकायला लावले, मग मी गिटार लावली. पहिला फटका मारला आणि दुकानातल्या सगळ्या तबल्यांच्या चामड्यांनी उत्तर दिलं. काचा थरथरल्या. माझी छाती आतून दाबली गेली. आमच्या पथकात असंच मोजतात. बेंजोचा भोंगा चांगला की वाईट हे समोर उभं राहून बघायचं, छातीत वाजला की चांगला. हा तर पोटात पण वाजत होता.

"हाच," मी म्हणालो. दादाकडे बघायचं टाळलं.

गुप्ताजींनी विचारलं, पक्का? मी म्हणालो, पक्का. उद्या येऊन बांधून घेतो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि गजकचा एक तुकडा तोंडात घातला. गूळ आणि तिळाचा, तोंडात गेल्यावर खुसखुशीत पदर सुटतात, आपल्या चिक्कीसारखा दात मोडत नाही. ते म्हणाले, "ज़बान दी है तो मुँह मीठा करना पड़ता है।"

घरी परत आलो तेव्हा दादाने स्वतःचा ॲम्प काढला. मी नको म्हणत होतो. तो म्हणाला, "अरे, ऐकून तर जा. मला पण ऐकायचंय."

तो अगदी लहान होता. गुडघ्याएवढा. कापड एका बाजूने फाटलेलं, मुठीची चामडी सुटलेली. आत आपल्या जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह. चालू केल्यावर ते हळूहळू नारिंगी होतात आणि त्यांचा तापलेल्या धुळीचा वास खोलीत पसरतो. दादा मधली गोटी निम्म्याच्या वर ठेवतो. संध्याकाळची वेळ, शेजारी पोरं अभ्यासाला बसलेली, त्यामुळे आवाज हळू. मी वाजवलं. आवाज नाकातून आल्यासारखा, किरकिरा, बारीक.

मला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून शरम वाटली. "चांगला आहे, दादा," मी म्हणालो. "खरं आम्हाला मैदानात वाजवायचंय."

"मैदान ॲम्पने नाही भरत," तो म्हणाला. "मैदानात याच्यासमोर माइक लावतात. यार, ॲम्पने फक्त स्टेज भरायचं असतं." एवढं म्हणून त्याने गोट्या परत शून्यावर आणल्या. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या आणि थोड्या वेळाने गरम दूध घेऊन आल्या. आपण दूध घ्या, तब्येत जपा, एवढंच म्हणाल्या. एवढ्या चांगल्या माणसांच्या घरात बसून मी त्यांच्या वस्तूला नाव ठेवत होतो.

नया बाजार, दुसऱ्यांदा

तिसऱ्या दिवशी दुकानात पोहोचलो तेव्हा गुप्ताजी दोऱ्या, पोती, पुठ्ठे काढून बसले होते. आम्ही पेटी उतरवायला हात लावला आणि लाईट गेली.

त्या हिवाळ्यात ग्वाल्हेरला लाईट जाणं ही बातमीच नव्हती. वीजकेंद्रं बरीचशी छत्तीसगडात गेली म्हणून इकडे असं होतंय, असं प्रत्येकजण सांगायचा. मग नया बाजारात जे होतं ते बघण्यासारखं आहे. एकेक दुकानदार बाहेर येतो, फुटपाथवरच्या आपल्या जनरेटरची दोरी ओढतो, आणि बघता बघता पूर्ण रस्ता गुरगुरायला लागतो. साडीवाला, भांडीवाला, मिठाईवाला, फोटोवाला, सगळ्यांचे वेगवेगळे. कुणी हळू बोलत नाही. कुणी वैतागत पण नाही. धुराच्या त्या ढगातच ग्राहक घासाघीस करत असतात. आमच्याकडे एका तासाला शंभर शिव्या निघाल्या असत्या. इथे मिठाईवाला जनरेटरवर हात ठेवून शेकत होता.

गुप्ताजींनीही आपला चालू केला. "बजा के देख लो एक बार," ते म्हणाले. "बाँधने के बाद बोलोगे कुछ छूट गया।"

मी गिटार लावली. कालच्याच जागी गोट्या. फटका मारला.

काहीच नाही. म्हणजे काचा हलल्या, तबले हलले, पण कानाला काही लागत नव्हतं. खाली एक गुर्र, वर एक सुर्र, आणि मधलं जे वाजतंय ते जनरेटरांच्या पोटात गडप. मी कोणता स्वर दाबलाय ते मलाच कळत नव्हतं. आवाज वाढवला तर गुर्र वाढली. दादा रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला आणि त्याने हात हलवले, ऐकू येत नाही म्हणून.

तिथे मला माझी चूक कळली, आणि ती कळायला दुसरं कुणी लागलं नाही. मी सोळा मागांच्या शेडात काम करतो. सोळा माग चालू असताना सातव्या मागाचा आडवा दोरा नेणारा धोटा वेडावाकडा जायला लागला, तर मला दारात उभं राहून कळतं. कसं कळतं? तो मोठा असतो म्हणून नाही. बाकीचे जिथे वाजत नाहीत तिथे तो वाजतो म्हणून. ड्रम वाजणार, बेस वाजणार, अद्वैत ओरडणार. खालची जागा बेसची, वरची झांजांची. गिटारला उरते ती मधलीच. आणि मी मधलीच गोटी शून्यावर ठेवून छातीत वाजला म्हणून नाचत होतो. एकटा माग चालवून बघितल्यासारखं मी शांत दुकानात एकटा आवाज ऐकला होता.

मी मिडल वाढवला. आवाज थोडा वर आला, पण पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा. तसाच ठेवून आणखी फिरवून बघितलं. डबाच.

आता पंचाईत अशी होती की गुप्ताजींना मी शब्द दिला होता आणि त्यांचा गजक खाल्ला होता. दादाच्या ॲम्पला मी काल नाव ठेवलं होतं. हे दोन्ही आता एकदम मागे घ्यायचं होतं. मी गिटार गळ्यात तशीच ठेवून रस्ता ओलांडला.

"दादा," मी म्हणालो, "तुमचा इथं आणता येईल का? या आवाजात ऐकायचाय."

त्याने मफलर घट्ट केला आणि स्कूटरला लाथ मारली.

तो येईपर्यंत मी गुप्ताजींना सगळं सांगितलं, माझ्या मोडक्या हिंदीत. ते ऐकत होते आणि पोत्याची दोरी परत गुंडाळत होते. मला वाटलं रागावले. ते म्हणाले, "पहले सुन लेने दो। माल बेचते चालीस साल हो गए, जनरेटर के सामने कभी किसी ने नहीं परखा।"

दादा स्कूटरवर पायांच्या मध्ये ॲम्प धरून आला. फुटपाथवर ठेवला. व्हॉल्व्ह तापायला एक मिनिट लागतं, ते मिनिट फार मोठं होतं. साडीवाला बाहेर आला होता, मिठाईवाला आला होता, दोन बाया पिशव्या घेऊन थांबल्या होत्या. मी वाजवलं.

कालचा तोच नाकातला बारीक आवाज. पण आता तो सगळ्या जनरेटरांच्या मधून सरळ निघाला, गर्दीतून पातळ माणूस निघतो तसा. प्रत्येक बोट वेगळं ऐकू येत होतं. दादाने आवाज आणखी वाढवला आणि मग तो बारीक राहिला नाही, तो फाटला, आणि फाटला तरी त्याचे काठ गोल राहिले. मी एक तुकडा वाजवला, मग दुसरा. हात थंड होते ते विसरलो. रस्त्याच्या टोकाला चपलांच्या दुकानातून एक माणूस डोकं बाहेर काढून बघत होता, एवढ्या लांबून.

थांबलो तेव्हा मिठाईवाला म्हणाला, "भैया, शादी में बजाते हो क्या?"

"शादी टूट जाएगी," साडीवाला म्हणाला.

गुप्ताजी हसले नाहीत. ते त्या फाटक्या कापडाच्या पेटीभोवती एक फेरी मारून आले, वाकून आतले नारिंगी व्हॉल्व्ह बघितले. मग मला म्हणाले, "बेटा, ज़बान वापस ले लो। मैं दे रहा हूँ।" मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी धरून उभं केलं आणि गिटारच्या तारांचा एक संच हातात दिला. मी नको म्हणत होतो. "मेरे यहाँ से कुछ तो जाए," ते म्हणाले.

दादा अजून ॲम्पजवळ उकिडवा बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो. "तुम्हाला हे माहीत होतं," मी म्हणालो. "काल का नाही सांगितलंत?"

"मी सांगितलं असतं तर तू मानलं असतं?" तो म्हणाला. "आणि मानलं असतंस, तर मी माझा माल विकायला बोललो असं नसतं झालं?" त्याने गिटार माझ्या गळ्यातून काढून घेतली. "मला दे जरा. एकदा."

त्याने वाजवलं. नया बाजारात, दुपारी, धुरात. माझ्यापेक्षा हळू वाजवतो तो, पण एकेक स्वर असा ठेवतो की जणू घरातली भांडी परत जागेवर लावतोय. लाईट आली आणि एकेक जनरेटर बंद पडत गेला, तरी तो वाजवत राहिला. शेवटी फक्त त्याचाच आवाज उरला. मग त्याने स्वतःच बटण बंद केलं.

परतीचा प्रवास

घरी मी पैसे मोजून दिले, मग दादाने चारही व्हॉल्व्ह काढले, एकेक लोकरीच्या मोज्यात घातला आणि गजकच्या रिकाम्या डब्यात बसवला. पेटीला वहिनींनी जुनी रजई शिवून दिली. निघताना मी कोट काढून द्यायला लागलो तर त्या म्हणाल्या, "रायपूरला तेवढी थंडी नाही म्हणतात. आपण ठेवा." मी ठेवला. आजही माझ्याकडे आहे.

गाडीत पेटी सीटखाली आणि डबा मांडीवर घेऊन बसलो. झाशीनंतर समोरच्या आजोबांनी विचारलं, "मोरेना वाला गजक है?" तिथला गजक तिकडे नावाजलेला. मी नाही म्हणालो. त्यांना ते पटलं नाही. डबा छातीशी एवढा धरून बसलेला माणूस नाही म्हणतोय म्हणजे चिकटच असणार, अशी त्यांची नजर. भोपाळला मी झाकण उघडून मोजे दाखवले. त्यांनी एक मोजा उचलून आतली काच उजेडात धरली, परत ठेवली, आणि पुढचा सगळा प्रवास माझ्याशी फार आदराने बोलले. त्यांना काय वाटलं ते मी विचारलं नाही.

कोल्हापूरला निखिलच्या खोलीत सगळे जमले होते. मी रजईचे टाके सोडले. पेटी निघाली. सुमेधने माझ्याकडे बघून खाली बघितलं.

"एवढासा?" निखिल म्हणाला. "तान्या, मोठा आण म्हटलं होतं."

"फाटलाय पण," अद्वैत म्हणाला.

मी व्हॉल्व्ह बसवले. एक मिनिट थांबायला सांगितलं. मग निखिलला म्हणालो, तू वाजव. जोरात. अजून जोरात. सुमेध, तू पण. अद्वैत, गा.

अर्धं गाणं झालं असेल. अद्वैतने हात वर केला आणि गाणं थांबवलं. तो म्हणाला, "मला माझाच आवाज ऐकू येत नाहीये. नुसती गिटार येतीय. प्रत्येक नोट."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. निखिलने काठ्या मांडीवर ठेवल्या.

"मग आता कसं करायचं?" त्याने मला विचारलं.

मी अद्वैतला पेटीच्या समोरून हलवून बाजूला उभं केलं, मिडल एक घर खाली घेतला आणि म्हणालो, "आता परत, पहिल्यापासून."